न सांगता थेरपी सोडली, आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, वय ३१. रात्री झोप लागायची नाही, मीटिंगच्या आधी छातीत धडधडायचं, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून एका थेरपिस्टकडे जायला लागलो. पहिली दोन सेशन्स मस्त गेली, बाहेर पडल्यावर हलकं हलकं वाटायचं. तिसऱ्या वेळेला भावाचा विषय निघाला (सहा वर्षं बोलणं नाही, भांडण असं झालंच नाही, मी त्याचा फोन उचलणं बंद केलं एवढंच) आणि मी बोलत होतो तेव्हा मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. असो. चौथ्या वेळी त्यांनी काहीतरी लिहून आणायचं होमवर्क दिलं, ते झालं नाही, मग पाचव्याच्या दिवशी 'ऑफिसात काम आलंय, पुढच्या आठवड्यात येतो' असा मेसेज टाकला आणि गेलोच नाही. त्यांचे दोन मेसेज आले, दोन्ही वाचले, उत्तर दिलं नाही. तसंही ट्रॅफिक, ऑफिसच्या वेळा, त्यांच्या वेळा, काहीच जुळत नव्हतं. आता झोप परत उडालीये. बायको म्हणते तुझं एक काम धड शेवटाला जात नाही. थेरपी माझ्यासारख्यांसाठी नसतेच का? परत जायचं तर कुठल्या तोंडाने जाऊ, की दुसरीकडे जाऊ?
– अर्धवट

अरे अर्धवट (सही तू केलीयस बाबा, मी नाही),

मूळ पत्र चार पानांचं होतं, त्यातली जवळजवळ दोन पानं ट्रॅफिक आणि वेळांवर होती, ती मी कापली. आणि घड्याळावर एक ओळ. आणि त्या ओळीच्या पुढे 'असो'. मी स्वतः थेरपिस्टचंच काम करते, बरीच वर्षं झाली, आणि एवढं सांगते की माणूस 'असो' म्हणून जिथून पुढे सरकतो ना, खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच पडलेली असते.

पण आधी तुझी ती 'माझ्यासारख्यांसाठी नसतेच का' वाली शंका बाजूला करू. तुझ्यासारखे खूप आहेत. १९९३ साली १२५ अभ्यास एकत्र करून बघितले होते तर थेरपी मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ४७ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे जवळपास निम्मे. नंतर २०१२ साली ६६९ अभ्यासांचा, ८३ हजारांहून जास्त लोकांचा हिशोब झाला, त्यात साधारण २० टक्के आले, म्हणजे पाचातला एक. एवढा फरक कसा तर त्यातली एक गोम अशी की 'सोडलं' नक्की कशाला म्हणायचं यावरच आकडा हलतो. ठरलेली सगळी सेशन्स केली नाहीत म्हणजे सोडलं, की थेरपिस्टला वाटतं अजून काम बाकी होतं म्हणजे सोडलं, की अपॉइंटमेंट घेऊन आला नाही म्हणजे सोडलं? तिन्हीची उत्तरं वेगळी येतात. तर पाचातला एक धर की दोनातला एक, तू काही जगावेगळं केलेलं नाहीस. दुसऱ्या हिशोबात आणखी एक दिसलं होतं, तरुण लोक जास्त सोडतात, थेरपिस्ट शिकाऊ असेल तर जास्त सोडतात, खाण्याच्या आजारात आणि व्यक्तिमत्त्वाच्या त्रासात जास्त सोडतात. पण थेरपी कुठल्या पद्धतीची आहे याने एकूणात फारसा फरक पडलेला दिसला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण लोक लगेच 'मला ती वाली सूट होत नाही, दुसऱ्या टाइपची बघतो' म्हणून मोकळे होतात.

आणि लवकर थांबणारा प्रत्येक जण पळालेला असतो असंही नाही बरं का. मोशे टालमन म्हणून एक थेरपिस्ट आहेत, एकदाच येऊन परत न आलेल्या लोकांचं त्यांना वाईट वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं, मग त्यांनी अशा २०० जणांना स्वतः फोन करून विचारलं. तर ७८ टक्के लोक म्हणाले की जे हवं होतं ते मिळालं, बरं वाटतंय, म्हणून आलो नाही! हे १९९० साली छापून आलं. म्हणजे काही जणांचं भांडं एका घागरीत भरतं, आणि बाहेरून बघणारा मात्र 'ड्रॉपआउट' म्हणून नोंद करतो. काहींचा खरंच पैशाचा प्रश्न असतो, लहान मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो, त्यात मनाचं काही शोधत बसू नये, पैसे नाहीत म्हणजे पैसे नाहीत. काहींना डिप्रेशन असतं आणि तो आजार असा चोर आहे की उपचाराला जायला जी ताकद लागते नेमकी तीच आधी काढून घेतो, मग लोक म्हणतात आळशी आहे. आणि काही जणांच्या बाबतीत थेरपी बरोबर चालू असते म्हणूनच ते सोडतात, जुन्या जखमेची खपली निघते, दोन आठवडे आधीपेक्षा वाईट जातात, आणि हे असं होऊ शकतं हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

तू यातला वाटत नाहीस. तुला बरं वाटलं म्हणून तू थांबला नाहीस, कारण झोप परत गेलीये. ट्रॅफिक खरं असेल, पण पहिल्या दोन सेशन्सनाही तेच ट्रॅफिक होतं की, तेव्हा तू वेळेवर पोचत होतास.

एक जुनी गोष्ट सांगते. १९०० साल, व्हिएन्ना, मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडकडे एक १८ वर्षांची मुलगी यायची, त्याने लिहिताना तिला डोरा हे खोटं नाव दिलंय. साधारण तीन महिने आली असेल आणि ३१ डिसेंबरला येऊन म्हणाली की आज शेवटचा दिवस. फ्रॉइडने विचारलं, हे कधी ठरवलंस? ती म्हणाली, पंधरा दिवस झाले असतील. यावर हा माणूस म्हणतो, हे तर मोलकरणीने नोटीस दिल्यासारखं झालं! म्हणजे बघ, 'कधी ठरवलंस' हा इतका चांगला प्रश्न विचारला आणि उत्तर आल्याबरोबर टोमणा मारला. पुढे १९०५ साली त्याने ती केस छापली तेव्हा मान्य केलं की एका दुसऱ्या पुरुषावरचा तिचा राग आणि दुखावलेपण ती आपल्यावर काढत होती, आणि ते आपल्याला वेळेत कळलं नाही. एवढा मोठा माणूस, त्यालाही पेशंट सोडून गेल्यावरच कळलं.

तर तोच प्रश्न तुला, टोमणा वगळून. कधी ठरवलंस? पाचव्या सेशनच्या दिवशी, मेसेज टाकताना? मला नाही वाटत. माझा अंदाज आहे की घड्याळाकडे नजर गेली त्याच मिनिटाला तुझ्या आतलं कोणीतरी उठून चपला घालायला लागलं होतं, चौथ्या सेशनला फक्त शरीर गेलं होतं. चुकत असेन तर चुकत असेन, मी तुला भेटलेले नाही, एका पत्रावरून कोणाचं मन वाचण्याचा दावा करणाऱ्यांपासून लांबच राहावं. पण बसून आठव जरा.

आता त्या मॅडमबद्दल. घड्याळ बघावंच लागतं रे आम्हाला, सेशन साधारण ४५-५० मिनिटांचं असतं, बाहेर पुढचा माणूस बसलेला असतो. म्हणून तर आम्ही घड्याळ पेशंटच्या डोक्यामागच्या भिंतीवर लावतो, की नजर हलली तरी कळू नये. त्यांनी लावलं नसेल किंवा मनगटावरचं बघितलं असेल. सहा वर्षं जे कोणाला सांगितलं नाही ते तू पहिल्यांदा सांगत होतास आणि समोरच्याची नजर घड्याळावर, लागणारच ते. त्यांनी तिथेच म्हणायला हवं होतं की वेळ संपत आलीये म्हणून बघितलं, पण हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. एवढं एक वाक्य. त्या चुकल्या, सरळ आहे. आणि पुढच्या वेळी इथूनच सुरू करायच्या ऐवजी होमवर्क दिलं, ही माझ्या मते दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.

एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली एक मांडणी केली होती जी आजही आम्ही वापरतो. थेरपिस्ट आणि पेशंटची जी युती असते तिचे तीन पाय. एकमेकांवर भरवसा आहे का, कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत आहे का, आणि तिथे पोचायला जे करायचंय ते दोघांना पटलंय का. ही युती कच्ची असली की लोक सोडतात, यावर संशोधनही झालेलं आहे. तुझ्या केसला लावून बघ. भरवसा तिसऱ्या सेशनला तडकला. होमवर्क का करायचं हे तुला कळलंच नव्हतं (पत्रात 'काहीतरी लिहून आणायचं' असं लिहिलंयस, काय लिहायचं होतं तेही तुझ्या लक्षात नाही). आणि कुठे पोचायचं तर तू गेला होतास झोपेसाठी आणि गाडी निघाली भावाकडे, झोपेचा आणि भावाचा काय संबंध हे कोणी तुला समजावलं का? संबंध असेलही, पण समजावलं का? तीनही पाय डगमगणाऱ्या स्टुलावर तू आणखी एक सेशन बसलास हेच जास्त आहे.

पण यातला एकही शब्द तू त्यांना सांगितला नाहीस. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. डॉक्टरला पायात काटा मोडलाय हे न सांगता लंगडत घरी यायचं आणि मग म्हणायचं डॉक्टर काही कामाचा नाही. यात तू एकटा नाहीस म्हणा. २०१६ साली एक सर्व्हे छापून आला होता, ५४७ लोक, थेरपी घेतलेले, त्यातल्या ९३ टक्क्यांनी कबूल केलं की आपण थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोललोय. आणि कशाबद्दल, तर भानगडी वगैरे असतीलच, पण थेरपीबद्दलसुद्धा! फायदा होतोय असं दाखवणं, होमवर्क केलं म्हणून सांगणं, सोडायचंय हे न बोलणं. पैसे द्यायचे, वेळ द्यायचा आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं, माणूस म्हणजे अजब प्राणी आहे.

आणि तुम्हाला वाटतं की ते तज्ज्ञ आहेत, न सांगता ओळखतील. नाही ओळखत. २००५ साली एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं की तुमच्या पेशंटपैकी कोणाची अवस्था आणखी बिघडेल सांगा. ५५० पेशंट होते, त्यातल्या ४० जणांची प्रत्यक्षात बिघडली. थेरपिस्टनी नावं सांगितली तिघांची, आणि त्यातलं बरोबर आलं एकाचं. चाळिसातला एक! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझीच एक केस आठवली. मी शिकाऊ होते, एक बाई तीनदा आल्या आणि यायच्या बंद झाल्या, मी फाइलवर ऐटीत लिहिलं 'मोटिव्हेशन कमी'. वर्षभराने त्या परत आल्या, स्वतःहून, आणि जरा वेळाने म्हणाल्या की तुम्ही माझ्या मुलाचं नाव पहिल्या दिवशी चुकवलंत, मला वाटलं, होतं असं कधी कधी, मग दुसऱ्या दिवशी चुकवलंत, मग तिसऱ्या. त्या आल्याच होत्या त्या मुलासाठी. ती फाइल मी अजून आठवते, मोटिव्हेशन कोणाचं कमी होतं सांग.

म्हणून म्हणते, तुझी चूक फार तर एवढीच की न सांगता गेलास. जाणं ही चूक नव्हे. आता ते कंसातलं वाक्य काढ, भावाबद्दलचं. 'भांडण असं झालंच नाही, मी त्याचा फोन उचलणं बंद केलं एवढंच.' आणि त्याच्याखाली मॅडमबद्दलचं ठेव, 'दोन्ही मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही.' मी काही बोलत नाही. तूच दोनदा वाच.

(हे तुझ्या अंगावर यावं म्हणून लिहीत नाहीये. उलट मला तर वाटतं की त्या चार सेशन्समध्ये सगळ्यात कामाचं काही घडलं असेल तर ते हेच, फक्त दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.)

आता काय करायचं. माझं मत विचारशील तर एकदा तरी परत त्यांच्याकडेच जा. कायमचं नाही, एकदा. तोंड कुठलं न्यायचं तर आहे तेच ने, आमच्याकडे महिनोन् महिने गायब होऊन आलेले लोक येतच असतात आणि खरं सांगू, दारात बघून बरं वाटतं, कारण काय झालं असेल याची काळजी आम्हालाही असते. मोठं स्पष्टीकरण नको, 'बायको आजारी होती' असली नवी कारणं नकोत मेसेजमध्ये. सरळ लिही: 'मॅडम, मी न सांगता यायचं थांबवलं, काम वगैरे काही नव्हतं. तिसऱ्या सेशनला भावाबद्दल बोलताना तुम्ही घड्याळ बघितलंत ते मला लागलं आणि मी बोलू शकलो नाही. होमवर्कही मला नीट कळलं नव्हतं. याबद्दल एकदा बोलायला येऊ का?' समोर बसून बोलता येणार नाही असं वाटत असेल तर हेच कागदावर लिहून ने आणि त्यांच्या हातात दे, चालतं.

मग त्या काय करतात ते बघ, ती त्यांची परीक्षा आहे, तुझी नाही. त्यांनी ऐकून घेतलं, हो माझ्याकडून राहिलं म्हणाल्या, तुला त्या क्षणी काय वाटलं ते विचारलं, तर तिथेच राहा, कारण तडा गेलेलं नातं बोलून सांधता येतं हा अनुभव तुला आयुष्यात फारसा आलेला दिसत नाही आणि तो पुस्तकातून येत नाही. त्या म्हणाल्या की मी बघितलंच नव्हतं, तुम्हीच फार सेन्सिटिव्ह आहात, नाहीतर दीड मिनिटात विषय बदलून परत होमवर्कवर आल्या, तर नमस्कार करून ये, आणि तेव्हा मात्र सांगून ये. 'माझं इथे जमत नाहीये, मी दुसरीकडे जातोय.' एवढंच. त्या चांगल्या असतील तर दुसरं नावही सुचवतील.

दुसरीकडे गेलास तर पहिल्याच दिवशी सांगून टाक की मी मागच्या ठिकाणी चार सेशन्समध्ये पळालो, इथेही पळेन, दुखावलो की मी बोलत नाही, गायब होतो. ठरवून घे की सोडावंसं वाटलं तर एक शेवटचं सेशन घेऊनच सोडेन. आणि त्यांना विचार की साधारण किती सेशन्स लागतील, कशावरून कळेल की फरक पडतोय, मध्ये त्रास वाढला तर काय करायचं. हे विचारणं उद्धटपणा नाही, हे त्यांनी न विचारताच सांगायला हवं, सुरुवातीला नीट समजावून सांगितलं तर लोक सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे तरी निम्मे जण सांगत नाहीत असं मला तरी दिसतं. किती सेशन्स याचं एक ढोबळ गणित हवं असेल तर १९८६ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ८ सेशन्सपर्यंत साधारण निम्म्या लोकांना मोजण्यासारखा फरक पडला होता आणि २६ पर्यंत पाऊणएक लोकांना. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, तू चौथ्या पावलावर उतरलास. अर्थात हे सरासरीचे आकडे, तुझ्या नावाचा आकडा त्यात नाही.

एक अपवाद मात्र ठळक करून सांगते, तुझ्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. थेरपिस्टने अंगचटीला येणं, बाहेर भेटायला बोलावणं, तुमचं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगणं, अपमान करणं, उसने पैसे मागणं, असं काही असेल तर परत जायचं नाही, शेवटचं सेशन वगैरे काही नाही, कोणाला काही सांगायचं देणं लागत नाही तुम्ही, तक्रार करता आली तर करा. आणि गोळ्या चालू असतील तर थेरपी सोडली म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, त्या ज्या डॉक्टरने दिल्यात त्यांना विचारूनच काय ते. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर सदराच्या उत्तराची वाट बघत बसू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा.

राहता राहिली बायको. तिला ट्रॅफिकचं कारण दिलं असशील तर ते मागे घे, घड्याळाचं सांग. 'तुझं एक काम धड शेवटाला जात नाही' असं ती म्हणते कारण तिच्याकडे तेवढीच माहिती आहे. मेसेज लिहिलास की पाठवायच्या आधी तिला वाचून दाखव हवं तर, एकट्याने सेंड दाबणं तुला जड जाईल असं वाटतंय.

भावाचं मी मुद्दामच काही लिहीत नाही. ते तुझ्या पाचव्या सेशनचं आहे.

– ताई